अटकेपासून निकालापर्यंत : मुंबईचे फौजदारी दप्तर

फिर्याद, जामीन, वकील, दप्तर, मुद्देमाल, तारीख, नक्कल, शिरस्तेदार, नाझर. मराठी माणूस कोर्टाची पायरी चढला की हे शब्द आपोआप त्याच्या तोंडी येतात. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीत असे रुळले की आज ते कुणालाच परके वाटत नाहीत. कोर्टाची भाषा आपल्याला इतकी जवळची आहे. कोर्टाचे दप्तर मात्र आपल्यापासून लांबच राहिले.

आपल्या घराघरांत आणि मोहल्ल्यांत कोर्टकचेरीच्या गोष्टी काही कमी नाहीत. कुणाचे पणजोबा काळ्या पाण्यावर गेले, कुणाचा चुलता दंगलीत पकडला गेला, कुणाच्या शेजाऱ्याला मध्यरात्री पोलीस घेऊन गेले. पण 'पुढे काय झाले?' असे विचारले की उत्तरे अंधूक होतात. सुटला असेल, शिक्षा झाली असेल, कोण जाणे! अटक सर्वांच्या लक्षात राहते, निकाल कुणाच्याच नाही. वर्तमानपत्रांचेही तसेच आहे. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते आणि दहा वर्षांनी झालेली सुटका आतल्या पानाच्या कोपऱ्यात जाते. अशा अर्ध्या माहितीवर माणसांची, कुटुंबांची आणि कधी कधी सबंध समाजाची प्रतिमा ठरते. म्हणून मुंबईसारख्या महानगरात गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांचे कागद कुठे असतात, ते कसे शोधायचे आणि कसे वाचायचे, याचा विचार आम्हाला इथे करायचा आहे.

आधी कोर्ट ओळखावे

जुना खटला शोधणारा बहुतेक वेळा नाव घेऊन निघतो. पण दप्तर नावावर लावलेले नसते. ते कोर्ट, वर्ष आणि खटल्याचा नंबर यांवर लावलेले असते. त्यामुळे त्या काळी तो गुन्हा कोणत्या कोर्टापुढे गेला असता, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी शहराच्या न्यायव्यवस्थेचा इतिहास थोडा तरी माहीत हवा.

मुंबई बेटावर इंग्रजी पद्धतीचे न्यायालय गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६७२ साली बसले. १७९८ साली रेकॉर्डर्स कोर्ट आले. १८२४ साली त्याची जागा सुप्रीम कोर्टाने घेतली. हे सुप्रीम कोर्ट म्हणजे आजचे दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय नव्हे, मुंबई इलाख्याच्या राजधानीचे ते इंग्रजी कोर्ट होते. त्याच्या फौजदारी शाखेत इंग्लंडचा कायदा चाले, आणि गंभीर गुन्ह्याला तिथे 'फेलनी' व किरकोळ गुन्ह्याला 'मिस्डिमीनर' म्हणत. बेटाबाहेर मात्र कंपनीच्या वेगळ्या अदालती होत्या आणि त्यांच्यावर सदर फौजदारी अदालत होती. १४ ऑगस्ट १८६२ रोजी हे दोन्ही प्रवाह एकत्र होऊन मुंबई हायकोर्ट सुरू झाले. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून भारतीय दंड संहिता अमलात आली होती. तिने फेलनी हा शब्द टाकून दिला आणि प्रत्येक गुन्ह्याला कलमाचा नंबर दिला. तेव्हापासून खून म्हणजे कलम ३०२. हा नंबर ३० जून २०२४ पर्यंत टिकला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले. शोधणाऱ्याने तारीख पाहून कलम धरावे.

१८६२ ते १९४८ या काळात मुंबई शहरातला खुनाचा खटला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढून थेट हायकोर्टाच्या क्रिमिनल सेशन्समध्ये जाई आणि तिथे ज्यूरीपुढे चाले. १९४८ साली बृहन्मुंबईसाठी वेगळे सेशन्स कोर्ट झाले. तेव्हा १९३० सालचा खटला शोधायला कुणी आजच्या सेशन्स कोर्टात गेला, तर तो रिकाम्या हाताने परतेल. त्याला हायकोर्टाचे दप्तर पाहायला हवे. शहराची हद्दही बदलत गेली आहे. वांद्रे, कुर्ला ही गावे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. कुर्ल्याच्या कसायाचा किंवा वांद्र्याच्या कोळ्याचा १९१० सालचा खटला ठाण्याकडे शोधावा लागतो, मुंबईकडे नाही.

काही खटले तर या कोणत्याच कोर्टात झाले नाहीत. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिले गेले. एक मुसलमान, एक हिंदू. मुंबईतला उठावाचा कट पोलीस अधिकारी चार्ल्स फॉर्जेटने हेरला होता आणि पुढे स्वतःच्या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली. पण या दोघांचा न्याय लष्करी कोर्टाने केला. सुप्रीम कोर्टाची नोंदवही कितीही चाळली तरी त्यात त्यांची नावे सापडायची नाहीत. ती सरकारच्या लष्करी आणि राजकीय पत्रव्यवहारात शोधावी लागतात. दप्तरात नाव नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे इतिहासात म्हणता येत नाही. आपण चुकीचे कपाट उघडले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

छापील आणि हस्तलिखित

कोर्ट ठरल्यावर आधी छापील साधने पाहावीत. तिथे कष्ट कमी आणि लाभ जास्त. कायद्याचा काही प्रश्न ज्यांत उपस्थित झाला, असे निकाल लॉ रिपोर्टांत छापले जात. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची आहे आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा. मोठ्या कायदा-ग्रंथालयांत हे खंड असतात. त्यात वादी-प्रतिवादींच्या नावांची सूची असते. सरकार पक्षाचे नाव मात्र राज्यकर्त्याप्रमाणे बदलते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात 'क्वीन एम्प्रेस', १९०१ नंतर 'एम्परर', स्वातंत्र्यानंतर 'स्टेट'. सूचीत शोधताना हे ध्यानात ठेवावे.

लोकमान्य टिळकांवरील खटले हे याचे चांगले उदाहरण. १८९७ चा राजद्रोहाचा खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीतील सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. एवढे शाळेच्या पुस्तकातही असते. पण त्या आधीचा कागद आपल्यासाठी मोलाचा आहे. खालच्या कोर्टाने नाकारलेला जामीन टिळकांना ऑगस्ट १८९७ मध्ये हायकोर्टात मिळाला. तो देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दीन तय्यबजी. त्या अर्जासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर पुढे स्वतः न्यायमूर्ती झाले. १९०८ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी महंमद अली जिना यांनी अर्ज केला, तेव्हा दावरांनीच तो फेटाळला. २२ जुलै १९०८ रोजी त्यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. १९१६ साली टिळकांवर जामीनकीची कारवाई झाली, तेव्हा जिनाच त्यांच्या बाजूने लढले आणि हायकोर्टाने ती कारवाई रद्द ठरवली. तय्यबजी, दावर, जिना, टिळक ही चार नावे एकाच दप्तरात अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. पुढच्या राजकारणाने त्यांना वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले. दप्तराला तो भेद माहीत नाही.

छापील साधने संपली की हस्तलिखित दप्तराकडे वळावे. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य दप्तर फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. त्याची सुरुवात १८२१ सालची. तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंट, होम डिपार्टमेंट अशा खात्यांचे खंड वर्षवार लावलेले आहेत. दयेचे अर्ज, फाशी व हद्दपारीबद्दलचा पत्रव्यवहार, दंगलींचे अहवाल, पोलीस कमिशनरची पत्रे असा ऐवज त्यात असतो. प्रत्यक्ष खटल्याचे कागद सापडले नाहीत, तरी त्यांचा पडसाद इथे सापडतो. अभ्यासकाने ओळखपत्र आणि अर्ज देऊन परवानगी घ्यायची, सूची पाहायची, चिठ्ठी भरून खंड मागवायचा. एका दिवसात काम होईल असे समजून कुणी जाऊ नये.

तिसरे साधन म्हणजे वर्तमानपत्र. गाजलेल्या खटल्यांतील साक्षी इंग्रजी पत्रे रोजच्या रोज सविस्तर छापत. पण वर्तमानपत्र तारीख मिळवण्यासाठी वापरावे, निकालासाठी नव्हे. तारीख मिळाली की पुन्हा दप्तराकडे यावे.

जे दप्तरात आहे आणि जे नाही

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत व्यापाऱ्याचा गोळ्या घालून खून झाला. त्याच्या मोटारीत मुमताज बेगम होती. हल्लेखोर तिला पळवून न्यायला आले होते. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. त्याच वेळी तिथून जाणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून ती वाचली. ती पूर्वी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबारी होती आणि तिथून निसटली होती. नऊ आरोपींवर हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प आणि ज्यूरी यांच्यापुढे खटला चालला. तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि तिघांना जन्मठेपेची.

या प्रकरणावर लोकांनी चवीने बोलावे, यात नवल नव्हते. त्याच वर्षी 'कुलीन कांता' नावाचा मूकपटही आला. शहराच्या तोंडी मुमताज ही फक्त एक देखणी नाचणारी राहिली. पण कोर्टापुढे तिने जी साक्ष दिली, तिच्यात एक आई बोलते. आपल्याला झालेली मुलगी दायांनी मारली, म्हणून आपल्याला इंदुरात राहायचे नव्हते, असे तिने शपथेवर सांगितले. तिचे म्हणणे तपासले जावे की नाही, हा वेगळा प्रश्न. पण ते तिच्या स्वतःच्या तोंडचे आहे आणि ते टिकून राहिले ते कोर्टामुळे. ज्यांनी कधी रोजनिशी लिहिली नाही, ज्यांच्यावर कुणी चरित्र लिहिले नाही, अशा माणसांचा आवाज पुष्कळदा फक्त साक्षीच्या कागदावरच उरतो. आपल्या समाजातील गरिबांचा, बायकांचा, खलाशांचा आणि गिरणी कामगारांचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे, त्यांनी हे विसरू नये.

त्याच दप्तराची मर्यादाही या खटल्यात दिसते. हल्लेखोरांच्या मागे कोण होते, हे कोर्टाने ठरवले नाही. संस्थानिकावर मुंबईच्या कोर्टात खटला चाललाच नाही. १९२६ साली तुकोजीरावांनी गादी सोडली. त्या घडामोडींचा माग हायकोर्टाच्या कागदात लागत नाही, तो हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्याच्या कागदात घ्यावा लागतो. कोर्ट आपल्यापुढे उभ्या असलेल्या आरोपीबद्दल बोलते. जो उभाच नाही, त्याच्याबद्दल त्याचे मौन असते. त्या मौनाला निर्दोषत्वाचा दाखला समजू नये आणि दोषाचा पुरावाही समजू नये.

शेवटच्या पायरीपर्यंत

फौजदारी खटला हा जिना आहे. मधल्याच पायरीवर थांबलेल्याला घर दिसत नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात सेशन्स कोर्टातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटले. सेशन्स जज्जांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. १९६० साली हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. सेशन्स कोर्टाचा कागद पाहिला तर माणूस निर्दोष, हायकोर्टाचा पाहिला तर खुनी, राजभवनाचा पाहिला तर मोकळा. तिन्ही कागद खरे आहेत. इतिहास मात्र तिन्ही मिळून होतो.

अलीकडचे उदाहरण आपल्या मनाला जास्त लागते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक निरपराध माणसे मेली. २०१५ साली विशेष कोर्टाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. एक जण सुटला. २१ जुलै २०२५ रोजी हायकोर्टाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही. ज्यांची माणसे गाड्यांत मेली त्यांना न्याय कुणी द्यायचा, आणि ज्यांची एकोणीस वर्षे गेली त्यांना ती कुणी परत द्यायची, हे दोन्ही प्रश्न सारखेच खरे आहेत. एक प्रश्न विचारताना दुसरा गिळून टाकणे हा अन्याय आहे. दप्तर संपूर्ण वाचले की दोन्ही प्रश्न समोर येतात.

चौकशी आयोग आणि कोर्ट यांतही गल्लत करू नये. १९९२-९३ च्या दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. तो इतिहासाचे मोठे साधन आहे. पण आयोग कुणाला शिक्षा देत नाही. अहवालात नाव आलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे पाहायला पुन्हा कोर्टातच जावे लागते.

आजचा खटला कसा शोधावा

आजच्या खटल्यांसाठी ई-कोर्ट्स ही सरकारी सेवा संगणकावर आणि मोबाईलवर फुकट मिळते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा एक सीएनआर नंबर असतो. तो हाती असेल तर पुढची तारीख, न्यायाधीश, रोजनामा आणि पुष्कळदा निकालही दिसतो. तो नसेल तर पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष यांवरून शोधावे. हा सगळ्यांत भरवशाचा रस्ता. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर घालावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत.

नावावरून शोधताना आपल्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग आडवे येते. शेख तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, मोहंमद कधी पूर्ण तर कधी दोन अक्षरांत, काझी कधी 'के'ने तर कधी 'क्यू'ने. म्हणून प्रत्येक रूप वेगळे घालून पाहावे, बापाचे नाव व उर्फ नावही पाहावे. एकाच नावाची दहा माणसे असतात, हेही ध्यानात ठेवावे. नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे नव्हे. स्थळासाठी किंवा नोकरीसाठी कुणाची चौकशी करताना नुसत्या नावावरून निष्कर्ष काढणे हे पाप आहे.

मुंबईत मॅजिस्ट्रेटची कोर्टे आणि सेशन्स कोर्ट यांची नोंद वेगवेगळी असते. जुन्या कायद्यातले 'मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट' हे पद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत राहिले नाही, त्यामुळे जुन्या कागदावरचे कोर्टाचे नाव आणि आजचे नाव यांत फरक दिसेल. मोक्कासारख्या विशेष कायद्यांचे खटले 'स्पेशल केस' म्हणून वेगळे लावलेले असतात. काही प्रकरणे तर खटल्यापर्यंत जातच नाहीत. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर 'ए समरी', फिर्याद खोटी व खोडसाळ असेल तर 'बी समरी', गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर 'सी समरी' असा अहवाल पोलीस मॅजिस्ट्रेटला देतात. त्यांची निकालपत्रे शोधून उपयोग नाही.

पडद्यावर दिसणारा निकाल वाचायला ठीक आहे, पण कचेरीत दाखवायला प्रमाणित नक्कल लागते. त्यासाठी त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. खटल्याशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताला कारण दाखवावे लागते. माहिती अधिकाराखाली अर्ज करून ही नक्कल मिळेल अशी पुष्कळांची समजूत आहे. पण कोर्टाच्या नियमांनी मिळणारी नक्कल त्याच नियमांनी मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्यांची आणि अल्पवयीन मुलांची ओळख कायद्याने झाकलेली असते. ती उघडी करण्याचा प्रयत्न अभ्यासकानेही करू नये.

सुटलेल्या माणसाचा कागद

कायद्यातली एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ज्याला कैदेची शिक्षा होते, त्याला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यावी, असे जुन्या संहितेत होते आणि नव्या संहितेतही आहे. त्याला अपील करायचे असते, म्हणून ही सोय. जो निर्दोष सुटतो, त्याच्यासाठी तशी आपोआप सोय नाही. त्याने अर्ज करून नक्कल घ्यायची असते. सुटकेच्या आनंदात आणि थकव्यात तो ती घेत नाही. वकील बदलतात, वर्षे जातात. कोर्टाचे कागदही कायम राहत नाहीत. मुदत संपल्यावर निरुपयोगी कागद नष्ट करण्याची तरतूद १९१७ च्या कायद्यापासून आहे. मग वीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी, नातवाच्या नोकरीच्या वेळी किंवा सोयरीक जुळवताना जुन्या अटकेची कुजबुज पुन्हा उठते, तेव्हा त्या घरात दाखवायला एक कागदही नसतो. अटक लोकांच्या आठवणीत लिहिलेली असते आणि सुटका कुठेच नसते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. ज्यांच्या घरातल्या माणसावर कधी खटला झाला असेल, त्यांनी अंतिम निकालाची प्रमाणित नक्कल आजच काढावी आणि निकाहनामा, जमिनीचा उतारा यांच्याबरोबर जपून ठेवावी. शिक्षा झाली असेल तरी ठेवावी. ती भोगून झाली, हेही कागदच सांगतो. जमातींनी आणि मोहल्ल्यांच्या वाचनालयांनी जुने कागद असलेल्या कुटुंबांकडून, त्यांच्या परवानगीने, प्रती घेऊन ठेवाव्यात. आपल्या तरुण अभ्यासकांनी इंग्रजी हस्ताक्षर आणि मोडी वाचायला शिकावे आणि एल्फिन्स्टनच्या त्या खोलीत जाऊन बसावे. सय्यद हुसेनपासून मुमताज बेगमपर्यंत कितीतरी माणसे तिथल्या आणि इतर कपाटांतल्या गठ्ठ्यांत आहेत. त्यांच्यावर ठेवलेला आरोप सर्वांनी ऐकला आहे. त्यांचे म्हणणे आणि त्यांचा निकाल वाचायचे काम अजून बाकी आहे.